घरी जा!

अंगात किंचित कसर असलेल्या पोराला शाळेत पाठवायचं की नाही, हा सकाळी सातचा प्रश्न आपण अगदी घरगुती समजतो. आईने कपाळाला हात लावायचा, आजीने "राहू दे गं आज" म्हणायचं, की झालं. पण घरी जर आजीच नसेल तर? आणि आई कामावर असेल तर?

न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली आरोग्य खात्याने शाळांमध्ये डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. आधी कारभार सैलच होता, १९०२ मध्ये तपासणी कडक झाली. घटसर्प, गोवर यांचं समजू शकतो, पण खुपऱ्या, नायटा, खरूज, उवा.. काहीही दिसलं की मुलाला घरी धाडायचे. औषधपाणी करणं हे त्या डॉक्टरांचं कामच नव्हतं. गरीब वस्तीतले आईबाप बरेचसे परदेशातून नुकतेच आलेले, इंग्रजीचा गंध नाही, दिवसभर पोटामागे. बरं, संसर्ग तरी टळावा? घरी पाठवलेली पोरं शाळा सुटल्यावर त्याच गल्लीत त्याच सवंगड्यांबरोबर खेळत!

लिलियन वॉल्ड या नर्सने आपल्या १९१५ च्या 'द हाऊस ऑन हेन्री स्ट्रीट' या पुस्तकात लुई नावाच्या मुलाची हकीकत दिली आहे. आई खाटकांचे अ‍ॅप्रन धुऊन घर चालवणारी. लुईच्या डोक्याला इसब. दवाखान्यात तो कितीदा तरी जाऊन आला होता, पण शाळेत गेला की बाई म्हणायच्या, घरी जा. वय बारा, आणि दिव्याच्या खांबावरचं रस्त्याचं नाव वाचता येत नाही. दवाखान्याचंच मलम कुणीतरी नीट लावायला हवं होतं, बस! वॉल्डबाईंनी तेवढं केलं आणि सप्टेंबरात तो आयुष्यात पहिल्यांदा शाळेत दाखल झाला.

पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात वॉल्डबाईंनी आपल्याकडची लीना रॉजर्स ही नर्स महिनाभरासाठी चार शाळांना देऊ केली. ती किरकोळ त्रासावर शाळेतच औषध लावून मुलाला वर्गात परत पाठवी. ज्याला खरंच घरी राहायला हवं त्याच्या घरी जाऊन आईला काळजी कशी घ्यायची ते समजावी. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात १०,५६७ मुलांना घरी पाठवलं होतं. वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये, १,१०१!

म्हणजे सगळ्यांना शाळेत ढकला असं नव्हे हं. गोवर आला की आपल्याकडे दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा आणि पोर घरात, ते योग्यच होतं. पण उवांसाठी मुलाची शाळा बुडवू नका, असं आज अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आपल्याकडे मात्र शाळेतून फोन येतो, "येऊन घेऊन जा." आणि धुणीभांडी करणारी एखादी आई अर्ध्या दिवसाचा पगार सोडून निघते.