दीठ : एका जुन्या शब्दाची वाट

परवा औरंगपुऱ्यातून जाताना एक आजीबाई कडेवरच्या किरकिऱ्या नातवाकडे पाहून म्हणाल्या, "पोराला कुणाची तरी दीठ लागली." शाळेत जाणाऱ्या नातीने लगेच दुरुस्ती केली, "आजी, दीठ नाही, दृष्ट म्हणावं." आजी ओशाळून गप्प झाल्या. खरे पाहता, ओशाळण्याचे काहीच कारण नव्हते.

संस्कृत 'दृष्टि'चे प्राकृतात 'दिट्ठि' झाले आणि त्यातून मराठीत 'दिठी' अन् 'दीठ' आले. 'मुष्टि'ची मूठ झाली, 'पिष्टा'चे पीठ झाले, तसेच हे. मुठीला आणि पिठाला आपण कधी अशुद्ध म्हणतो काय? मग दिठीनेच काय घोडे मारले?

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीत ही 'दिठी' ठायी ठायी भेटते. तिथे ती नुसती डोळ्यांची नाही, ज्ञानाने उघडणारी समजही आहे. पुढे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नाथ आपल्या पैठणचेच. त्या शुद्ध पोथीतही दिठी राहिलीच!

मग ती मागे का पडली? इथून जवळच्या देवगिरीचे यादवांचे राज्य १३१८ च्या सुमारास बुडाले आणि दरबारात फारसी आली. तिच्याबरोबर मूळचा अरबी 'नजर' शब्द आला आणि घरचाच झाला. नजरचूक, नजरकैद, पिकाची नजरअंदाज पैसेवारी, सगळीकडे नजरच. पुढे ग्रंथकारांनी संस्कृतातली 'दृष्टी' पुन्हा जवळ केली. दूरदृष्टी, दृष्टिकोन हे शब्द तिचे. दोघींच्या मध्ये दिठीला उरला एक कोपरा : मीठ-मोहऱ्या ओवाळण्याचा.

दीठ लागते यावर विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. पोराला ताप आला तर त्याला डॉक्टरकडेच न्यावे. पण समजूत चुकीची असली म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही.

म्हणून गुरुजनांना एवढेच सांगणे आहे. वर्गात एखादे पोर 'दीठ' म्हणाले, तर त्याला हसू नका. दीठ, दृष्टी, नजर हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहा आणि त्यांची वाट मुलांना सांगा. आपल्या आजीच्या तोंडी ज्ञानेश्वरांचा शब्द आहे, हे कळले की ते पोर घरी जाऊन तिला आणखी चार शब्द विचारील.