तारेशिवायचा दाब

माझी उमेदीची वर्षं कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून गेली, त्यामुळे हृदयाच्या धमन्यांचा इतिहास मला पडद्यावरच्या काळ्या रेघांतच दिसतो. त्या रेघा पहिल्यांदा ठळक उमटल्या त्या अपघातानं. 1958 साली क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स तपासत असलेल्या रुग्णाच्या उजव्या हृदयधमनीत रंगद्रव्य थेट शिरलं. हृदय थांबलं. सोन्स यांनी त्याला खोकायला लावलं आणि ठोके परत आले!

पण धमनी अरुंद दिसणं वेगळं, रक्त अडणं वेगळं. ‘सत्तर टक्के ब्लॉक’ हा पुष्कळदा नजरेचा अंदाज असतो. झुरिचला 1977 मध्ये हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी करणारे ग्रुंट्झिग अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजत. नव्वदच्या दशकात निको पाइल्स आणि बर्नार्ड डी ब्रुइन यांनी या दोन दाबांचं नेमकं गुणोत्तर बसवलं, तेच एफएफआर (फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह). सेन्सरची बारीक तार धमनीत घालायची, अ‍ॅडेनोसिन हे औषध देऊन प्रवाह वाढवायचा, आकडा 0.80 किंवा खाली आला, तर अडथळा खरा. तार महाग. आमच्याकडे तिचं पाकीट क्वचितच फोडलं जाई.

तार न घालताच हा आकडा काढायची वाट शोधली चार्ल्स टेलर यांनी. ते मूळचे अभियंते, तेव्हा स्टॅनफर्डला होते. त्यांनी सीटी स्कॅनवरून धमन्यांची प्रतिकृती उभारून द्रवप्रवाहाची समीकरणं संगणकाकडून सोडवून घेतली. त्यांच्या हार्टफ्लो कंपनीच्या तंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं 2014 मध्ये मान्यता दिली. मात्र कॅल्शियमचे जाड थर किंवा जलद ठोके असले, की स्कॅन पुसट येतो आणि हिशेबही डळमळतो. तिथं अजून तारच खरी.