तळटीप : लाल पाकीट
* लाल पाकीट : नेटफ्लिक्सचे. ही कंपनी अमेरिकेत १९९८पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देई. मासिक वर्गणी १९९९मध्ये आली. २००४मध्ये ब्लॉकबस्टर या व्हिडिओ-दुकानांच्या साखळीनेही अशीच सेवा काढली. दोन्हींतून निवड करताना, एका वेळी किती डीव्हीडी घरी ठेवता येतात आणि वितरण केंद्र किती जवळ आहे, हे पाहावे लागे. पाहिलेली परत पोचल्याखेरीज यादीतली पुढची निघत नसे. केंद्र दूर असले, की त्याच पैशांत महिन्याला कमी चित्रपट. ब्लॉकबस्टरच्या दुकानात २००६च्या अखेरीपासून टपालाने आलेली डीव्हीडी हातोहात बदलून मिळे, ही मोठीच सोय. तरी जुन्या, परभाषी चित्रपटांच्या चाहत्याला नेटफ्लिक्सचा साठा मोलाचा वाटे. विकत घेतलेली डीव्हीडी भाड्याने द्यायला अमेरिकी कायद्यानुसार निर्मात्याची वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून तो इतका वाढला. नेटफ्लिक्सची टपालसेवा सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली.