तिघांचा नियम आणि एकट्याची वाट : कॅस्केड पर्वतातील स्की टूरिंगचा इतिहास

स्की टूरिंग म्हणजे यांत्रिक पाळण्याची मदत न घेता, स्कीवरूनच डोंगर चढणे आणि स्कीवरूनच उतरणे. चढताना स्कीच्या तळाला एक लवदार पट्टी चिकटवतात. तिची लव एकाच दिशेला झुकलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी ठेवली जाते. माथ्यावर पोचल्यावर पट्ट्या काढायच्या, टाच जखडायची आणि उतरायला लागायचे. वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड शहरापासून मोटारीने साधारण तासाभरात स्नोक्वाल्मी खिंड आणि दीड तासात स्टीव्हन्स खिंड गाठता येते. त्यामुळे पहाटे घर सोडून, एकट्याने दिवसभर कॅस्केड पर्वतात फिरून संध्याकाळी परतणे इथे शक्य असते. ही सोय आज सहज वाटते. तिच्यामागे मात्र शंभर वर्षांचे सामुदायिक काम उभे आहे, आणि त्या कामाचा पाया 'डोंगरात तिघांपेक्षा कमी जाऊ नये' या नियमावर घातलेला होता.

या पर्वतांची उंची फार नाही. स्नोक्वाल्मी खिंड समुद्रसपाटीपासून ९२१ मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली. पण प्रशांत महासागरावरून येणारे ओलसर वारे कॅस्केडला अडतात आणि पश्चिम उतारावर प्रचंड हिमवर्षाव होतो. खिंडीत एका हिवाळ्यात दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. याच रांगेतील माउंट बेकरच्या स्की केंद्रावर १९९८-९९ च्या हंगामात सुमारे २९ मीटर हिमवर्षावाची नोंद झाली. एका हंगामात मोजल्या गेलेल्या हिमवर्षावाचा तो जागतिक विक्रम आहे. समुद्र जवळ असल्याने इथला बर्फ जड आणि ओला असतो. स्थानिक लोक त्याला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात.

गोऱ्या वसाहतकारांच्या कितीतरी आधीपासून स्नोक्वाल्मी आणि शेजारच्या मूलनिवासी जमाती या खिंडींतून ये-जा करत होत्या. रेडमंडची वसाहत १८७१ मध्ये ल्यूक मॅक्रेडमंड आणि वॉरन पेरिगो यांच्या आगमनाने सुरू झाली. लाकूडतोड हा तिचा मुख्य धंदा होता आणि १९१२ च्या अखेरीस ती शहर म्हणून नोंदली गेली. त्या काळात हिवाळ्यातला डोंगर ही हौसेने जाण्याची जागा नव्हती. कॅस्केडच्या ऑरेगनमधील भागात जॉन क्रेग हा टपालवाहक १८७७ च्या हिवाळ्यात टपाल घेऊन मॅकेन्झी खिंडीकडे एकटाच निघाला आणि माथ्याजवळच्या झोपडीत गारठून मेला. १ मार्च १९१० रोजी स्टीव्हन्स खिंडीजवळच्या वेलिंग्टन स्थानकात बर्फामुळे अडकून पडलेल्या दोन आगगाड्या हिमस्खलनाने दरीत लोटल्या आणि ९६ माणसे दगावली. अमेरिकेच्या इतिहासातील हे सर्वांत प्राणघातक हिमस्खलन होय.

डोंगरात हौसेने जाण्याची परंपरा क्लबांनी रुजवली. १९०६ मध्ये सिॲटलमध्ये 'द माउंटेनिअर्स' ही संस्था स्थापन झाली. १९१४ मध्ये तिने स्नोक्वाल्मी खिंडीजवळ लाकडी लॉज बांधले. सुरुवातीला सभासद हिवाळ्यात स्नोशू, म्हणजे जाळीदार रुंद पादत्राणे, घालून फिरत. स्की आणली ती स्थलांतरितांनी. फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये पाच सहकाऱ्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्यापासून नॉर्वेची ही विद्या जगभर गाजत होती. वायव्य अमेरिकेत लाकूड, मासेमारी आणि खाणींच्या कामासाठी आलेले नॉर्वेजियन व स्वीडिश लोक ती सोबत घेऊन आले. पुढे जर्मन आणि ऑस्ट्रियन स्थलांतरितांनी तिला आल्प्सच्या उंच, तीव्र उतारांवरचे तंत्र जोडले. मूळचे जर्मनीचे हान्स-ओटो गीझे हे त्या पिढीतील अग्रगण्य नाव.

१९२८ मध्ये माउंटेनिअर्सनी स्टॅम्पीड खिंडीजवळ मीनी स्की हट बांधली. संस्थेचे दीर्घकाळचे अध्यक्ष एडमंड मीनी यांनी त्यासाठी जमीन दिली होती. सभासद नॉर्दर्न पॅसिफिकच्या आगगाडीने बोगद्याजवळच्या मार्टिन स्थानकावर उतरत आणि पाठीवर सामान घेऊन हटपर्यंत चढत. स्नोक्वाल्मी लॉज आणि मीनी हट यांच्यामध्ये कॅस्केडच्या कण्याला धरून सुमारे तीस किलोमीटरची वाट होती. सभासदांनी तिच्यावरील झाडांना नारिंगी रंगाच्या पत्र्याच्या खुणा ठोकल्या.

याच वाटेवर १९३० मध्ये 'पेट्रोल रेस' सुरू झाली. लष्करी गस्तीच्या शर्यतींवरून बेतलेल्या या स्पर्धेत प्रत्येक संघ तिघांचा असे. तिघांनीही ठरलेले सामान वाहायचे आणि शेवटची रेषा एकत्र ओलांडायची अशी अट होती. एकट्या वेगवान गड्याला इथे किंमत नव्हती, कारण संघाची वेळ सर्वांत मागे राहिलेल्याच्या वेळेवर ठरे. एरवी पुरा दिवस खाणारे हे अंतर उत्तम संघांनी पाच तासांच्या आत कापले. १९४१ पर्यंत ही स्पर्धा चालली, मग युद्धामुळे बंद पडली. स्नोक्वाल्मी लॉज १९४४ मध्ये आगीत भस्मसात झाले. मीनी हट मात्र आजही वापरात आहे आणि २०१४ मध्ये शर्यतीचे पुनरुज्जीवन झाले.

तिघांचा आग्रह शर्यतीपुरता नव्हता. एक जायबंदी झाला तर दुसरा त्याच्याजवळ थांबेल आणि तिसरा मदत आणायला जाईल, हा त्यामागचा हिशेब. १९३० च्या दशकात माउंटेनिअर्सनी गिर्यारोहणाचे रीतसर वर्ग सुरू केले आणि शिस्तीचे संकेत घडवले. नकाशा, होकायंत्र, दिवा, जादा अन्न, जादा कपडे अशा दहा अत्यावश्यक वस्तूंची यादीही याच वर्गांतून पुढे आली. १९६० मध्ये संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'माउंटेनिअरिंग : द फ्रीडम ऑफ द हिल्स' या पाठ्यपुस्तकातून किमान तिघांचा नियम जगभरच्या गिर्यारोहकांपर्यंत पोचला.

ज्वालामुखी शिखरांवरच्या स्की-चढाया याच काळातल्या. १९३० मध्ये एड लोनेस आणि रॉबर्ट स्पर्लिन यांनी माउंट बेकर स्कीवरून सर केला. नॉर्वेहून आलेले सिगर्ड हॉल यांनी १९३८ मध्ये ड्वाइट वॉटसन यांच्यासह ग्लेशियर पीक आणि १९३९ मध्ये अँडी हेनिग यांच्यासह ४,३९२ मीटर उंचीचा माउंट रेनियर स्कीवरून गाठला. पुढच्याच वर्षी रेनियरच्या उतारावरील 'सिल्व्हर स्कीज' शर्यतीत दाट धुक्यात खडकांवर आपटून हॉल यांचा मृत्यू झाला. रेनियरच्या शिखरापासून स्कीवरून उतरणे चौघांना साधले ते १९४८ मध्ये.

साधनांचा इतिहासही याच परिसरात घडला. पोर्टलंडचे हालमार ह्वाम हे नॉर्वेजियन स्कीपटू पाय मोडून अंथरुणाला खिळले असताना त्यांनी पडल्यावर आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना रेखाटली. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जखडणारी खिट्टी. १९३८ मध्ये सिॲटलच्या लॉइड आणि मेरी अँडरसन दांपत्याने २१ गिर्यारोहक मित्रांसह युरोपातून साधने स्वस्तात मागवण्यासाठी सहकारी संस्था काढली. तीच पुढे 'आरईआय' नावाने देशभर पसरली. १९४१ च्या नोव्हेंबरात फोर्ट लुइस येथे अमेरिकी सैन्याची ८७ वी माउंटन इन्फन्ट्री उभी राहिली. तिच्या जवानांनी पहिल्या हिवाळ्यात रेनियरच्या पॅराडाइज येथे स्कीचा सराव केला. युद्धानंतर सैन्याच्या जादा स्की, बूट आणि तंबू बाजारात स्वस्तात आले आणि सामान्य पगारदार माणसालाही ही हौस परवडू लागली.

त्याच सुमारास टूरिंग मात्र मागे पडले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात स्नोक्वाल्मी आणि स्टीव्हन्स या दोन्ही खिंडींत स्कीपटूंना दोराने वर ओढणारे 'रोप टो' चालू झाले होते. युद्धानंतर खुर्चीचे पाळणे आले. दिवसात एकदा घाम गाळून चढण्याऐवजी वीस वेळा उतरता येऊ लागले आणि स्कीचे बूट-बाइंडिंगही फक्त उताराच्या सोयीने बनू लागले. टूरिंग पुन्हा वाढले ते १९७० नंतर. अल्पाइन लेक्सचा डोंगरी प्रदेश १९७६ मध्ये संरक्षित अरण्य ठरला. तिथे पाळणे आणि मोटारी कायमच्या वर्ज्य झाल्या. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी बुटाचे टोक दोन खिळ्यांत पकडणारे हलके बाइंडिंग तयार केले आणि पायांवरचे वजन बरेच घटले. लोवेल, गॉर्डन आणि कार्ल या स्कूग बंधूंनी त्याच दशकात उत्तर कॅस्केडमधील अनेक दिवसांच्या लांब वाटा स्कीवरून जोडल्या. लोवेल स्कूग यांनी पुढे या प्रदेशाच्या स्कीचा इतिहास संकलित करून 'रिटन इन द स्नोज' हा ग्रंथ लिहिला.

एकट्याच्या दिवसाला सर्वांत मोठा आधार मिळाला तो हिमस्खलनाच्या अभ्यासातून. टकोमात जन्मलेले एड लाशापेल यांनी यूटामधील आल्टा येथे आणि नंतर वॉशिंग्टन विद्यापीठात बर्फाच्या थरांचा शास्त्रीय अभ्यास केला. १९६१ मध्ये त्यांची 'द एबीसी ऑफ ॲव्हलांच सेफ्टी' ही छोटी पुस्तिका आली. बर्फ थराथराने साचतो. एखादा थर कच्चा राहिला आणि त्यावर जड थर बसला की तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर वरची लादी सुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. लाशापेल यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात खिंडींतील महामार्गांसाठी हिमस्खलनाचे अंदाज वर्तवायला सुरुवात केली. त्यातूनच नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटर उभे राहिले. हे केंद्र आज हिवाळ्यात रोज उंची आणि उताराच्या दिशेनुसार धोक्याची पातळी जाहीर करते. १९४८ मध्ये वुल्फ बावर, ओम डेबर आणि ओटो ट्रॉट यांनी माउंटन रेस्क्यू कौन्सिल स्थापून स्वयंसेवी बचावाची व्यवस्था आधीच उभी केली होती.

हिमस्खलनात गाडलेल्याला शोधण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्सिव्हर आला. अंगावर बांधलेले हे छोटे यंत्र संदेश पाठवत राहते आणि सोबत्यांची यंत्रे तो पकडतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे ट्रान्सिव्हर, शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही साधने दुसरा माणूस हजर आहे असे गृहीत धरूनच बनलेली आहेत. एकट्याने जाणाऱ्याला त्यांचा उपयोग बहुधा दुसऱ्या कुणाला वाचवण्यापुरता. म्हणून त्याचे रक्षण धोका टाळण्यावरच अवलंबून असते.

तथापि संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेही याच डोंगरांनी दाखवले. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी स्टीव्हन्स खिंडीजवळच्या टनेल क्रीकच्या उतारावर अनुभवी स्कीपटूंचा मोठा गट उतरत असताना हिमस्खलन होऊन तिघांचा मृत्यू झाला. मोठ्या गटात प्रत्येकाला शंका असते, पण इतरांच्या आत्मविश्वासापुढे ती बोलली जात नाही, हा धडा त्यानंतरच्या प्रशिक्षणांत आवर्जून शिकवला जातो. एकट्याला या दबावातून सुटका मिळते. पण त्याची चूक दाखवून देणाराही कुणी नसतो.

१९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने मुख्यालय रेडमंडला आणले आणि शहराचा चेहरामोहरा बदलला. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७३ हजारांवर गेली. आज इथल्या रहिवाशांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमॅमिश या पट्ट्यात अनेक मराठी कुटुंबे राहतात. सह्याद्रीत गडकिल्ले फिरलेल्या माणसाला चढण, वाऱ्याचा मारा, धुके आणि दमछाक यांची ओळख असते. पण सह्याद्रीचा कडा सोमवारी होता तसाच शनिवारी भेटतो. कॅस्केडचा उतार मात्र एका रात्रीच्या वाऱ्याने किंवा बर्फावर पडलेल्या पावसाने पुरता बदलतो. नॉर्वेजियन, जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांनाही आपले ज्ञान या ओल्या, जड बर्फात नव्याने तपासून घ्यावे लागले होते. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते करावे लागते.

आज एकट्याने जाणारा जाणता स्कीपटू पहाटे अंदाज वाचून वाट ठरवतो. धोका जास्त असेल तेव्हा तो तीस अंशांपेक्षा सौम्य, वर उभे उतार नसलेली जागा निवडतो. स्टीव्हन्स खिंडीच्या उत्तरेकडील स्कायलाइन रिज किंवा स्नोक्वाल्मीजवळील कॉमनवेल्थ बेसिन यांकडे जाणाऱ्यांनाही कुठले उतार टाळायचे हे आधी ठरवावे लागते. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे तो घरी सांगून ठेवतो, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र बाळगतो आणि परत फिरण्याची वेळ कटाक्षाने पाळतो. झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचे खड्डे असतात, त्यांपासूनही दूर राहतो, कारण त्यात उलटा पडलेल्याला एकट्याने बाहेर येणे अवघड असते. पेट्रोल रेसच्या तिघांपैकी जी दोन माणसे त्याच्याबरोबर नसतात, त्यांचे काम अंदाज देणारे केंद्र, घरी वाट पाहणारा माणूस आणि बोलावताच निघणारे स्वयंसेवक मिळून अंशतः करतात. हे काम पूर्णपणे कुणीच करू शकत नाही, म्हणून तिघांचा नियम आजही शिकवला जातो आणि एकट्याने जाणाऱ्याची निवड त्या दिवशीच्या बर्फानुसार मर्यादित राहते.