थिएटर स्ट्रीटवरच्या आया

रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात एक गमतीशीर मापाचा रस्ता आहे. लांबी २२० मीटर, रुंदी २२ मीटर आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंचीही २२ मीटरच. कार्लो रॉसी या वास्तुकाराने तो आखला आणि १९२३ पासून त्याला रॉसीचेच नाव आहे. त्याआधी त्याला थिएटर स्ट्रीट म्हणत. बॅले नृत्याची जगप्रसिद्ध शाळा याच रस्त्यावर आहे. शाळेची स्थापना १७३८ सालची. झारच्या काळात ती सरकारी नाट्यशाळा होती, आज ती वागानोवा अकादमी या नावाने ओळखली जाते.

मी बॅले पाहिला तो पडद्यावरच. नाचातले मला फारसे कळते असेही नाही. पण सारे आयुष्य शाळेत गेल्यामुळे कुठलीही प्रवेशपरीक्षा म्हटली की माझे लक्ष आधी दाराबाहेर ताटकळणाऱ्या पालकांकडे जाते. चौथीच्या स्कॉलरशिपच्या दिवशी फाटकाबाहेर उभे असलेले चेहरे मी कितीतरी वर्षे पाहिले. थिएटर स्ट्रीटच्या इतिहासातही मला तेच चेहरे दिसतात.

ही परीक्षा मोठी विलक्षण असे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला नाच येतो की नाही हे त्यात कोणी फारसे विचारत नसे. पाहायचे ते शरीर. पाठ सरळ आहे का, पाय खुब्यापासून बाहेरच्या अंगाला किती वळतात, उडी कशी आहे. तमारा कार्साविना ही मोठी नर्तकी १८९४ मध्ये या शाळेत दाखल झाली. 'थिएटर स्ट्रीट' नावाच्या आपल्या आत्मचरित्रात तिने त्या दिवसाचे वर्णन केले आहे. मुलींना चालायला, पळायला लावले, टाचा जुळवून उभे केले, मग डॉक्टरांनी तपासले, गाण्याचा कान पाहिला. प्रवेश मिळाला तरी पहिले वर्ष उमेदवारीचेच. वर्षाअखेरीस नापसंत झालेले मूल घरी परत.

मग पालक एवढ्या आशेने का येत? कलेचे प्रेम होतेच, पण व्यवहारही होता. निवासी विद्यार्थ्यांचे शिक्षण, जेवण, कपडे सारे सरकारी खर्चाने. पुढे सरकारी रंगभूमीवर नोकरी आणि २० वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन. गरिबाघरच्या मुलीला त्या काळात याहून चांगले काय मिळणार होते? कार्साविनाच्या आईने हाच हिशेब केला. वडील प्लाटोन कार्साविन स्वतः नर्तक. नाटकमंडळीतले हेवेदावे त्यांनी भोगलेले, त्यामुळे मुलीने त्या वाटेला जाऊ नये असे त्यांचे मत. आईने त्यांच्या नकळत एका निवृत्त नर्तकीकडे मुलीची शिकवणी लावली. वडिलांना कळले तेव्हा ते चिडले, पण नंतर स्वतःच शिकवायला बसले! अशी घरे आपल्याकडेही कमी नाहीत.

आन्ना पाव्हलोव्हाची गोष्ट याहून साधी आणि मला जास्त जवळची वाटते. जन्म १८८१ चा. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवणारी. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना आईने तिला 'स्लीपिंग ब्यूटी' हा बॅले दाखवायला नेले. मुलीने तिथेच ठरवले की आपण हेच करायचे. पाव्हलोव्हाने पुढे लिहिले आहे की आई आधी हसण्यावारी न्यायची, मग तिने समजावले की त्यासाठी मला सोडून शाळेत राहावे लागेल. मुलगी रडली, पण हट्ट सुटला नाही. तेव्हा आई तिला शाळेत घेऊन गेली. उत्तर मिळाले की वय कमी आहे, दहा वर्षांची झाली की आणा. आई तिला घेऊन परत आली आणि वय भरल्यावर पुन्हा त्याच दारात घेऊन गेली. १८९१ मध्ये प्रवेश मिळाला.

मधल्या त्या काळात आईने काय केले असेल? नकाराने ती खचली नाही आणि मुलीच्या मागेही लागली नाही. वाट पाहिली. शिक्षिका म्हणून सांगते, हे फार थोड्या पालकांना जमते.

निजिन्स्कीची आई एलिओनोरा हिची गोष्ट निराळी. ती स्वतः नर्तकी. नवरा सोडून गेलेला, थोरला मुलगा लहानपणीच्या अपघातानंतर बुद्धीने मंद राहिलेला. तीन लेकरांचे पोट भरायचे होते. १८९८ मध्ये तिने धाकट्या वास्लावला परीक्षेला उभे केले आणि दोन वर्षांनी मुलगी ब्रोनिस्लावालाही. दोघेही घेतले गेले, दोघांनीही बॅलेचा इतिहास घडवला. पण परीक्षेच्या दिवशी त्या माउलीच्या मनात इतिहास नक्कीच नसावा. एका मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते आहे, एवढेच असावे.

आता जॉर्ज बालांशिन. १९१३ साली हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला नौदलाच्या शाळेत घालायचे होते, पण त्या वर्षी जागा नव्हती. आई मारिया मोठी बहीण तमारा हिला घेऊन बॅलेच्या परीक्षेला आली होती, हा नुसता सोबतीला. कोणीतरी सुचवले, आलाच आहे तर यालाही उभा करा. निकाल लागला तेव्हा भावाची निवड झाली होती, बहिणीची नाही. आई त्याच दिवशी त्याला तिथे ठेवून परत गेली. मुलगा शाळेतून पळून नातेवाइकांकडे गेला, त्याला परत आणून सोडावे लागले. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क सिटी बॅले उभा करणारा तो हाच.

बालांशिनवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. पण मला राहून राहून त्या तमाराची आठवण येते. ज्याची इच्छा होती तिला नाही म्हटले आणि ज्याच्या गावीही नव्हते त्याला ठेवून घेतले. नाकारल्या गेलेल्या मुलीला घेऊन परतीच्या वाटेवर आई काय बोलली असेल? निवडलेल्यांचा इतिहास लिहिला जातो, परत पाठवलेल्यांचा कोणी लिहीत नाही. खरे तर पालकांची सर्वात जास्त गरज त्यांनाच असते.

या रस्त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. पाव्हलोव्हा १९२० च्या दशकात भारतात आली होती. मुंबईत लीला सोखी या हौशी नर्तकीला तिने आपल्या मातीतल्या नृत्याकडे वळायला उत्तेजन दिले. याच पुढे 'मॅडम मेनका' म्हणून गाजल्या. त्यांनी कथकवर आधारित नृत्यनाट्ये बसवली आणि खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली. त्यांच्या हाताखाली तयार झाली आपली दमयंती जोशी. जन्म १९२८, मुंबई. मेनकाबाईंना ही मुलगी घरी ठेवून वाढवायची होती. तिची आई वत्सलाबाई यांनी मुलीला शिकू दिले, सोखींच्या घरी राहू दिले, पण लेक देऊन टाकायला मात्र त्या राजी झाल्या नाहीत. दोघींनी मिळून तिला सांभाळायचे ठरले. दमयंतीबाईंना १९७० मध्ये पद्मश्री मिळाली.

मला वत्सलाबाईंचे मोठे अप्रूप वाटते. मुलीच्या आड यायचे नाही आणि आईपणही सोडायचे नाही, ही तारेवरची कसरत आहे. थिएटर स्ट्रीटवर आजही दहा वर्षांच्या आसपासची मुले परीक्षेला येतात. आपल्याकडेही नाच, गाणे, क्रिकेट, टीव्हीवरच्या स्पर्धा, जिकडे पाहावे तिकडे निवडचाचण्या आहेत आणि दाराबाहेर आईबाप उभे आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे की आतला निकाल आपल्या हातात नाही. 'हो' आले तरी पोराला सुट्टीत यायला घर लागते. 'नाही' आले तर त्याच दिवशी लागते.