अंग कमावणारे पुणे

चिंचेची तालीम, जगोबादादा तालीम, नगरकर तालीम, गुलशे तालीम, खालकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम. जुन्या पुण्यात पत्ता सांगताना ही नावे सहज तोंडात येत. मानाच्या तिसऱ्या गणपतीची ओळख तर आजही ‘गुरुजी तालीम’ अशीच आहे. आजचे क्रीडाशिक्षक शारीरिक तंदुरुस्तीचे घटक मोजून सांगतात: ताकद, दमसास, लवचिकता, वेग, चपळाई, तोल. पुण्याने यातला प्रत्येक घटक फार पूर्वीच ओळखला होता. पण ताकद एका आवारात, चपळाई दुसऱ्या मैदानावर आणि दम तिसऱ्याच रस्त्यावर, असे ते विखुरलेले होते. खेळातले यश त्यांच्या एकत्र येण्यावर अवलंबून असते, हे कळायला बराच काळ गेला.

तालमीतली मेहनत पहाटे सुरू होई. आधी फावड्याने हौद्यातली माती उकरायची. त्यात दंड, खांदे आणि कंबर तापून निघत. मग जोर आणि बैठका. जोर मारताना छाती-दंडांबरोबर पाठीचा कणाही कमानीसारखा वाकतो आणि सरळ होतो. बैठकांनी मांड्या भरतात, श्वास लांबतो. या मेहनतीची संख्या शेकड्यांत जाई. त्यामुळे एका झटक्यात जड वजन उचलण्याच्या ताकदीपेक्षा स्नायूंची चिवट सहनशक्ती तीतून जास्त कमावली जाई. खांद्यांचे सांधे मोकळे ठेवायला मुद्गल आणि जोडी फिरवत. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टाही शिकवला जाई, आणि जोतीराव फुले त्यांच्याकडेच शिकले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवले, हे तर सर्वश्रुत आहे.

ताकदीला लवचिकतेची जोड दिली मल्लखांबाने. लाकडी खांबावर मल्लाने सराव करण्याचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. मधल्या काळात मागे पडलेली ही विद्या पुण्यात पुन्हा उभी केली ती दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारले आणि वणीच्या सप्तशृंगीच्या उपासनेतून त्यांना ही विद्या मिळाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी या व्यायामामागचे शास्त्र पक्के आहे. एरंडेल तेल चोळलेल्या गुळगुळीत खांबाला पायांनी अढी घालायची, काखेत पकड घ्यायची, उलटे होऊन तोल सावरायचा. खांब हाच प्रतिस्पर्धी. आणि तो कधी थकत नाही. कुस्तीत समोरच्याला विळखा घालून धरण्याची ताकद अशी घडत गेली. पुढे बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला तेव्हा बाळंभटदादाही गेले आणि मल्लखांब उत्तरेत पोहोचला.

चपळाईचे शास्त्र मात्र मैदानावर जन्मले. 1914 मध्ये डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्यासाठी समिती नेमली. खो-खोत लांब पल्ल्याच्या वेगाचे काम पडत नाही. चार-सहा पावलांत वेग पकडायचा, खुंटाशी क्षणात वळायचे, पाठलाग करणाऱ्याला झुकांडी द्यायची आणि पुन्हा श्वास सावरायचा. थांबणे, वळणे, सुटणे यांची इतकी कसोटी पाहणारे खेळ फार थोडे आहेत, आणि त्यासाठी पायांत बुटांचीही गरज लागत नाही.

याच जिमखान्यावर पुण्याच्या क्रीडा-इतिहासातला मोठा प्रसंग घडला. 1919 च्या सुमारास तिथल्या शर्यती सर दोराबजी टाटांनी पाहिल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले धावपटू बहुतेक शेतकरी घरांतले होते आणि अनवाणी धावत होते. तरीही त्यांची वेळ परदेशी धावपटूंच्या जवळ जाणारी आहे, हे टाटांच्या लक्षात आले. त्यांच्या पुढाकाराने 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्लही होते. अँटवर्पची मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त लांब होती. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. विजेता हॅनेस कोलेमाइनेन त्यांच्यापुढे अठरा मिनिटे होता. शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले, ब्रिटनच्या मल्लाकडून हरले आणि चौथे राहिले.

एकोणिसावा आणि चौथा. पद्धतशीर तयारीची सोय नसलेल्या देशातून पहिल्यांदाच गेलेल्या चमूची ही कामगिरी थोर म्हणायला हवी. त्या काळाने तिची पुरेशी दखल घेतली नाही, याचे वाईट वाटते. या मुलांच्या अंगात दम होता, ताकद होती. उणीव होती ती त्या ताकदीला खेळाच्या मापात बसवण्याची.

ही उणीव कुस्तीत सर्वांत स्पष्ट दिसली. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, त्यामुळे मल्ल दम राखून, वाट पाहून डाव टाकतो. माती पायाखाली दबते, हालचाल जड होते. मॅटवर हे गणितच बदलते. तिथे वेळ मोजलेली आणि प्रत्येक डावाला गुण, म्हणून लागतो तो स्फोटक वेग आणि काही सेकंदांत पुन्हा ताजेतवाने होण्याची क्षमता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले.

पुण्यातही हे वळण आले. 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे हरिश्चंद्र बिराजदार पुढे गोकुळ वस्ताद तालमीत मुलांना घडवू लागले. त्यांच्या शिष्यांपैकी काका पवारांनी कात्रजला स्वतःचे कुस्ती संकुल उभारले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून आलेला राहुल आवारे आधी बिराजदारांकडे आणि नंतर पवारांकडे तयार झाला. 2018 मध्ये त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य. मातीची मेहनत आणि मॅटचा वेग एकाच अंगात उतरल्यावर काय होते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

शास्त्रीय शिक्षणाची घडी बसवण्याचे काम 1924 मध्ये शिवरामपंत दामले यांनी स्थापलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने केले. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, 2001 मध्ये लष्कराची क्रीडा संस्था आली. या शहरात सोयींची कमतरता आता राहिलेली नाही.

तरीही पुण्यातल्या पालकांना एक विनंती आहे. मुलाला सातव्या-आठव्या वर्षीच एका खेळाच्या शिकवणीत अडकवण्याआधी दोन-तीन वर्षे मल्लखांबावर चढू द्या, खो-खोच्या पाटीत बसू द्या. हे खेळ मागे पडलेले नाहीत: जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचाच आहे.