निर्भय शाळेची वाट

छडीवाचून विद्या येत नाही, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती. धाकाने पाठांतर होई खरे. पण मूल मनातून मिटून जाई. शिक्षा नको आणि बक्षिसाचे आमिषही नको, असा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी आचरणात आणला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तोच विचार १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी नेला. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंखशिंपले हीच मुलांची साधने झाली. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसले. तेव्हा त्यांना दटावून न आणता शाळाच कुरणावर नेण्यात आली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली. तथापि, कायदा फार तर हातातील छडी काढून घेईल; मुलाच्या मनातील धास्ती घालविणे हे शिक्षकाच्याच हाती आहे. बोर्डी-कोसबाडचा धडा तो हाच.